आप्पांच्या अंगाला येणारा वास

माझे वडील सोलापुरातल्या एका खाजगी दवाखान्यात ड्रेसर होते. ऑपरेशन डॉक्टर करायचे, टाके डॉक्टर घालायचे. पण त्यानंतर रोज पट्टी सोडायची, जखमेला चिकटलेलं गॉज पाण्यानं भिजवून हळूहळू सुटं करायचं, पू टिपायचा, भोवतालची कातडी स्पिरिटनं पुसायची आणि नवी पट्टी बांधायची, हे काम आप्पांचं. शुगरनं पाय सडलेले म्हातारे, उसाच्या ट्रॉलीखाली बोटं सापडलेले मजूर, यंत्रमागाच्या कारखान्यात हात अडकलेल्या बाया, सगळे त्यांच्या हाताखालून जायचे.

त्यामुळे त्यांच्या अंगाला कायम स्पिरिटचा वास यायचा. घरी आल्यावर ते साबणानं कोपरापर्यंत हात धुवायचे, तरी तो वास शर्टात, रुमालात, सायकलच्या मुठींना राहायचाच. लहानपणी मला तो आवडायचा. थंड, नाकात झोंबणारा, स्वच्छ वास. तो दारातून आत आला की आप्पा आले हे बघायला मान वर करावी लागत नसे.

घरीही स्पिरिटची एक बाटली असायची. दवाखान्यातली त्यांनी कधी आणली नाही, औषधाच्या दुकानातून आणायचे. माझ्या गणवेशाच्या खिशावर पेनाची शाई सांडली की ते खाली जुनं फडकं घालून वरून स्पिरिटच्या बोळ्यानं टिपत बसत. "घासायचं न्हाय, टिपायचं. घासलं की डाग पसरतो," म्हणत. नव्या स्टीलच्या ताटावरच्या स्टिकरचा गोंद, चष्म्याच्या काचांवरचा तेलकटपणा, पायातला काटा काढायच्या आधी सुई, सगळं त्यांनी त्याच बाटलीनं पुसलं. शेजारची एक बाई तापलेलं लेकरू घेऊन आली आणि अंगाला स्पिरिट चोळून द्या म्हणाली, तेव्हा मात्र त्यांनी बाटली उचलून वर फळीवर ठेवली. "लेकराच्या अंगात मुरतं हे. कोमट पाण्यानं पुसा आन् डॉक्टरकडं न्या."

मी आठवीत होते तेव्हा माझ्या वर्गातल्या एका मुलीच्या आजीचा पाय त्या दवाखान्यात कापला. ती मुलगी आईबरोबर रोज डबा घेऊन जायची आणि तिथं तिनं आप्पांना पाहिलं. दुसऱ्या दिवशी मधल्या सुट्टीत ती सगळ्यांसमोर म्हणाली, "हिचे पप्पा पू पुसतात. मी बघितलं." तिला काही वाईट म्हणायचं नसेल. पण माझ्या शेजारी बसणारी मुलगी डबा उचलून पलीकडे सरकली. त्या दिवशी घरी आल्यावर आप्पांनी डोक्यावर हात ठेवला, तेव्हा मी मान काढून घेतली. पुढच्या वर्षी आई गेली. घरात आम्ही दोघंच उरलो. तरी कुणी विचारलं की मी सांगायची, "वडील मेडिकल लाइनमध्ये आहेत." खोटं नव्हतं ते. खरंही नव्हतं.

आप्पांनी मला एम. कॉम.पर्यंत शिकवलं. मी एका ज्युनिअर कॉलेजात शिकवायला लागले. तिथल्याच एका मॅडमनी स्थळ आणलं. मूळ माढ्याचं, सोलापुरात घर बांधून राहिलेलं शिकलेलं कुटुंब. सासरे हेडमास्तर होते, ते तेव्हाच हयात नव्हते. मुलगा इंजिनिअर. आमचं आधी फोनवर बोलणं झालं. वडील काय करतात, असं त्यानं विचारलं आणि मी म्हटलं, "एका मोठ्या दवाखान्यात असतात. सगळं तेच बघतात." त्यानं घरी सांगितलं की मुलीचे वडील दवाखान्याचे मॅनेजर आहेत. हे मला कळलं तेव्हा मी त्याला दुरुस्त केलं नाही.

रविवारी दुपारी ते आमच्याकडे यायचे होते. आदल्या संध्याकाळी माढ्याकडून अपघाताचे पेशंट आले आणि आप्पांना बोलावणं आलं. रविवारी दुपारपर्यंत ते तिथंच होते. निघायच्या घाईत कपाटातून स्पिरिटची भरलेली बाटली निसटली, त्यांच्या छातीवर उपडी होऊन फरशीवर फुटली. घरी आले तेव्हा शर्ट अजून दमट होता आणि वास भपकन येत होता. डोळे जागरणानं लाल. आणि पाहुणे येऊन बसलेले. आमच्या दोन खोल्या. आतल्या खोलीत जायचं तर पाहुण्यांच्या समोरूनच जावं लागायचं. ते दारातच हात जोडून उभे राहिले. "माफ करा, उशीर झाला. रात्रपाळी पडली की," म्हणाले आणि तसेच खुर्चीवर बसले.

माझ्या होणाऱ्या सासूबाईंनी पदर नाकाशी नेला. मला तेवढं दिसलं. मी पोह्यांच्या बशा उचलून आत गेले, तर मागोमाग त्या पाण्याचं निमित्त करून स्वयंपाकघरात आल्या. अगदी हळू आवाजात म्हणाल्या, "बाळा, एक विचारते, राग मानू नकोस. वडील घेतात का गं?"

मला पहिल्यांदा कळलंच नाही. मग कळलं. ओट्याच्या वर फळीवर बाटली होती. ती हातात घेऊन त्यांच्या नाकाशी धरली असती तर संपलं असतं. पण मग विचारलं असतं, मॅनेजरच्या अंगावर स्पिरिट कसं? मग ड्रेसर म्हणजे काय ते सांगावं लागलं असतं. मला पलीकडे सरकणारा तो डबा दिसला. आणि मी म्हटलं, "कधीतरी. आई गेल्यापासून."

हे तीन शब्द तोंडातून आपोआप बाहेर पडले, असं मी पुढं कितीतरी वर्षं स्वतःला सांगत होते. तसं नव्हतं. 'आई गेल्यापासून' हे मी विचार करून जोडलं होतं. नुसतं 'कधीतरी' म्हटलं तर बाई उठून जातील, आईचं नाव घेतलं तर थांबतील, एवढा हिशोब मी त्या दोन श्वासांत केला होता.

त्या थांबल्या. त्यांनी मला जवळ घेतलं. त्यांचा धाकटा भाऊ दारूत गेला होता, पस्तिशीत. ते त्यांनी तिथंच उभ्या उभ्या सांगितलं, डोळे पुसत. "यात तुझा काय दोष? किती सोसलं असशील पोरी," म्हणाल्या. बाहेर आप्पा माझ्या मार्कांबद्दल सांगत होते. जिल्ह्यात कितवी आले वगैरे. होकार दुसऱ्या दिवशी आला.

लग्नानंतर घरच्यांना कळलंच की आप्पा मॅनेजर नाहीत, दवाखान्यात "काम करतात". त्याचं कुणाला काही वाटलं नाही. सासूबाई एवढंच म्हणाल्या, "काम कुठलंही असो." म्हणजे ज्या गोष्टीसाठी मी खोटं बोलले होते, ती गोष्ट त्या घरात कुणाच्या खिजगणतीतही नव्हती. आणि जे खोटं बोलले होते, ते मात्र पक्कं बसलं होतं. सासूबाई माझ्यावर जीव लावायच्या. मला कधी कपबशी विसळू दिली नाही, कॉलेजातून आले की चहा हातात आणून द्यायच्या. ज्या मुलीला बापानं दारूपायी दुःख दिलं, तिला माहेर मिळावं, असं त्यांना वाटायचं. मी तो चहा घ्यायची.

आप्पा दिवाळीला, सणाला यायचे. त्यांना बाहेरच्या खोलीत बसवायचे, सरबत द्यायचे. सासूबाई अदबीनं बोलायच्या, पण लांबून. कधी म्हणायच्या, "भाऊ, तब्येतीला जपा. मुलीकडे बघून तरी." आप्पांना वाटायचं, किती काळजी करतात. मला म्हणायचे, "लई चांगली मानसं मिळाली तुला."

दुसऱ्या वर्षी मला मुलगी झाली. बारशाला आप्पा चांदीचे वाळे घेऊन आले. पाळण्याशी जाऊन त्यांनी दोन्ही हात पुढं केले, तेवढ्यात सासूबाईंनी बाळाला उचललं आणि खांद्याशी धरलं. "आत्ताच झोपलीय. नंतर घ्या हं," म्हणाल्या. बाळाचे डोळे टक्क उघडे होते. आप्पा हसले. मागच्या बेसिनपाशी गेले. मी खिडकीतून बघत होते. त्यांनी साबण घेऊन बोटांच्या बेचक्या, नखं, मनगट, कोपर, सगळं धुतलं, जसं दवाखान्यात धुवायचे तसं. हात वर धरून निथळत परत आले आणि उभे राहिले. तोवर बाळाला आतल्या खोलीत नेलं होतं.

जाताना मला म्हणाले, "बराबर हाय त्यांचं. मी दवाखान्यातला मानूस. लेकराला लांबनंच बघितलेलं बरं."

त्यांनी स्वतःच स्वतःसाठी कारण शोधलं होतं. ते मी त्यांच्याकडे राहू दिलं. "हो आप्पा, लहान आहे ना अजून," म्हटलं.

त्यानंतर ते आमच्याकडे यायचं असलं की सुट्टी घ्यायचे. आंघोळ करून, धुतलेला शर्ट घालून, मानेला पावडर लावून यायचे. सासूबाई ते गेल्यावर म्हणायच्या, "वास मारायला पावडर लावतात बिचारे. माझा भाऊ बडीशेप खायचा." माझा नवरा टीव्ही लावायचा. मी ताटं उचलायची. माझी मुलगी मोठी होत गेली आणि दवाखान्यातल्या आजोबांच्या जवळ फार जायचं नसतं, हे तिलाही कुणी न सांगता समजलं.

मग टाळेबंदी आली. माझ्या नवऱ्यानं कुठूनतरी सॅनिटायझरचा पाच लिटरचा कॅन मिळवून आणला. दारात स्टुलावर छोटी बाटली भरून ठेवली. सासूबाई टीव्हीवर सांगतात तसं हात चोळायला शिकल्या. पहिल्याच दिवशी त्यांनी तळव्यावर घेतलं, चोळलं आणि हात नाकाशी नेऊन थबकल्या. पुन्हा वास घेतला. मी भाजी धूत होते.

"अगं," त्या म्हणाल्या, "हा वास तुझ्या वडिलांचा आहे."

मी नळ चालूच ठेवला.

"काय असतं यात?"

"स्पिरिटसारखंच असतं. दवाखान्यात वापरतात ते."

"पितात हे?"

"नाही आई. विष आहे ते. हात, कातडी पुसायला असतं."

त्या येऊन माझ्या शेजारी उभ्या राहिल्या. त्यांनी नळ बंद केला. "मग त्या दिवशी, पहिल्या दिवशी, तुमच्या घरी, तो वास कसला होता?"

मी सांगितलं. बाटली फुटली होती, हे सांगितलं. ड्रेसर म्हणजे काय, तेही सांगितलं. आप्पांनी आयुष्यात दारूचा थेंब घेतलेला नाही, हे सांगितलं. त्या जमिनीवर बसल्या. मला वाटलं आता ओरडतील. त्या आपल्या हातांकडे बघत म्हणाल्या, "मी त्या माणसाच्या हातात एकदाही नात दिली नाही गं. तू बघत होतीस आणि बोलली नाहीस."

संध्याकाळी त्यांनी मला आप्पांना फोन लावायला लावला. आप्पा साठीला आले होते, पण माणसं कमी म्हणून दवाखान्यानं त्यांना थांबवून घेतलं होतं. फोन स्पीकरवर होता.

"भाऊ, मला तुमची माफी मागायची आहे," सासूबाई म्हणाल्या. "इतकी वर्षं मला वाटत होतं की तुम्ही दारू पिता."

पलीकडून आप्पांचं हसू आलं. "मी? आवं ताई, मला सुपारीचं बी व्यसन न्हाय की." मग ते हसू थांबलं. मागं कुणीतरी स्ट्रेचर ओढत होतं. "म्हंजे ते बारशाला..."

"हो. म्हणूनच."

"असं व्हय. पन तुमास्नी असं का वाटलं? कुनी सांगितलं का?"

सासूबाईंनी माझ्याकडे पाहिलं. मी भिंतीला टेकून उभी होते. त्या फोनकडे वाकून म्हणाल्या, "कुणी नाही. माझंच नाक. वास आला आणि मीच समजून बसले."

त्यांनी मला वाचवलं, आणि त्या क्षणी मला सुटल्यासारखं वाटलं. याचीच मला सगळ्यात जास्त लाज वाटते. फोन बंद झाल्यावर त्या एवढंच म्हणाल्या, "बापलेकीत मी येणार नाही. तुझं तू सांग." त्यानंतर चहा आयता हातात येणं थांबलं. भांडण नव्हतं. मी कॉलेजचे ऑनलाइन तास संपवून उठायची आणि स्वतःचा चहा स्वतः करायची.

मी लगेच सांगितलं नाही. आज सांगू, उद्या सांगू करत पावसाळा गेला. ये-जा सुरू झाल्यावर आप्पा घरी आले. सासूबाईंनी त्यांना आतल्या खोलीत, झोपाळ्यावर बसवलं आणि माझ्या मुलीला म्हणाल्या, "जा, आजोबांच्या मांडीवर बस." ती सहा वर्षांची होती. कुणाच्या मांडीवर बसायचं तिचं वय संपत आलं होतं. ती गेली, गुडघ्याच्या टोकावर टेकली, आणि कधी उठायचं याची वाट बघत माझ्याकडे पाहत राहिली. आप्पांनी हात तिच्याभोवती घातले नाहीत. मांडीशेजारी उघडे ठेवले, ती पडली तर धरता यावी म्हणून. मग म्हणाले, "जा बाळ, खेळ." आणि ती पळाली.

पुढच्या आठवड्यात मी त्यांच्या घरी गेले. ते खाली बसून स्पिरिटच्या बोळ्यानं चष्मा पुसत होते. मी दारातच उभी राहून सांगितलं, कारण बसले असते तर बोलले नसते. "आप्पा, सासूबाईंनी स्वतःहून तसं समजून घेतलं नव्हतं. त्यांनी मला विचारलं होतं. मीच हो म्हटलं होतं. आई गेल्यापासून पितात, असं म्हटलं होतं."

त्यांनी चष्मा डोळ्यावर चढवला आणि माझ्याकडे पाहिलं. "का गं?"

"तुम्ही ड्रेसर आहात हे सांगायची लाज वाटली."

त्यांनी शेजारच्या बाटलीचं झाकण घट्ट लावलं. कापसाचा बोळा उचलून केराच्या डब्यात टाकला. मग माझ्याकडे न बघता म्हणाले, "बाप दारुडा चालला तुला. ड्रेसर न्हाय चालला."

मी त्यांच्या पायाशी बसले, माफी मागितली, रडले. ते पाय मागं घेत म्हणाले, "ऊठ. तोंड धू." आणि नंतर, "आईचं नाव कशाला घेतलंस त्यात?" याचं उत्तर माझ्याकडे होतं, पण ते देण्यासारखं नव्हतं.

दोन महिने ते आले नाहीत. फोन उचलायचे, जेवलीस का, पोरगी बरी हाय का, एवढं विचारायचे. मग एका सकाळी त्यांचाच फोन आला. "कालेज न्हाय का आज? मग दवाखान्यात ये. मी काम काय करतो ते तू कधी बघितलंच न्हाईस."

खरं होतं. आठवीनंतर मी त्या दवाखान्याची पायरीही चढले नव्हते. गेले तेव्हा ते पहिल्या मजल्यावरच्या छोट्या खोलीत होते. टेबलावर उजनीकाठच्या एका गावातली म्हातारी पाय पसरून बसली होती, टाचेवर तळहाताएवढी जखम. मास्क असूनही वास नाकात शिरला. मी दाराशी थांबले. आप्पांनी वर न बघता सांगितलं, "तो ट्रे धर."

मी ट्रे धरला. त्यांनी पट्टी भिजवली, म्हातारीशी तिच्या केळीच्या बागेबद्दल बोलत बोलत एकेक पदर सोडवला. जखम सलाइनच्या पाण्यानं धुतली. मग चिमट्यात स्पिरिटचा बोळा धरून जखमेच्या कडेबाहेरून, गोल, चांगल्या कातडीवरून फिरवला. म्हातारीनं ओठ दाबले नाहीत की पाय आखडला नाही.

"कोन वो ही?" म्हातारीनं विचारलं.

"माझी लेक," आप्पा म्हणाले. "कालेजात शिकवती. लई हुशार हाय."

"नशीबवान हाय पोरगी," म्हातारी मला म्हणाली. "तुज्या बाचा हात लई हलका हाय बघ. दुसऱ्या कुनाला म्या पाय लावू देत न्हाय."

मी मान वर केली नाही. ते ज्या आवाजात 'माझी लेक' म्हणाले, तो आवाज मला ओळखीचा होता. माझ्या लग्नाच्या बोलण्यांच्या दिवशी मी स्वयंपाकघरात उभी असताना बाहेरून हाच आवाज येत होता.

आप्पा आता घरीच असतात. रविवारी आमच्याकडे येतात, सासूबाईंशी पेपरातल्या बातम्यांवरून वाद घालतात. पावडर लावत नाहीत. माझी मुलगी त्यांच्याशी नीट बोलते, विचारलेल्याचं उत्तर देते, नमस्कार करते. त्यापलीकडे ते दोघं अजून गेलेले नाहीत, आणि ती मोठी होते आहे. माझ्याशीही ते पूर्वीसारखं बोलतात, असं कुणीही म्हणेल. त्यांनी तो विषय पुन्हा काढलेला नाही. माफ केलं, असंही म्हणालेले नाहीत. विचारायचं मनात येतं, आणि दर वेळी मी त्यांना आणखी थोडा चहा हवा का, तेवढंच विचारते.